पत्र, परीक्षक आणि ग्वेन्दाल पेझरा

मारिना अनिसिनाने दोन पत्रं लिहिली. एक कॅनडाकडून खेळणाऱ्या व्हिक्टर क्राट्झला, दुसरं फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या ग्वेन्दाल पेझराला. साल १९९२. मुलगी मॉस्कोची, अजून विशीही न गाठलेली, आणि बर्फावरच्या नृत्यात कनिष्ठ गटाची दोन वेळची जगज्जेती. पण जोडीदाराशिवाय. तिच्याबरोबर ती दोन्ही विजेतेपदं मिळवणारा इल्या आवेरबुख हा इरिना लोबाचेवा नावाच्या दुसऱ्या नर्तिकेच्या प्रेमात पडला होता आणि प्रेमाबरोबर त्याने नृत्याची जोडीही बदलली. सोव्हिएत संघ नुकताच मोडला होता, मॉस्कोतल्या रिंकवर वीज आणि पैसा दोन्हींची चणचण होती, आणि देशात चांगला मुलगा शिल्लक नसेल तर तो परदेशात शोधायचा, एवढा व्यवहार अनिसिनाला कळत होता. तिची आई इरिना चेर्नियायेवा स्वतः १९७२च्या ऑलिंपिकमध्ये स्केटिंग केलेली. वडील व्याचेस्लाव अनिसिन आइस हॉकीतले जगज्जेते. अशा घरातली मुलगी रडत बसणार नव्हतीच.

क्राट्झला ते पत्र पोचलंच नाही, असं सांगतात. पोचलं असतं तरी फार उपयोग नव्हता, कारण त्याने तोवर शे-लिन बोर्नबरोबर जोडी जमवली होती. पेझराला मात्र पत्र मिळालं. त्याची लहानपणापासूनची जोडीदार मारिना मोरेल त्याच सुमारास त्याच्यापासून वेगळी झाली होती. १९९३ मध्ये अनिसिना ल्योंला आली. एक मारिना गेली, दुसरी आली.

बर्फनृत्यात एकट्याची कारकीर्द अशी काही नसतेच. टेनिसपटू दुहेरीचा जोडीदार बदलतो आणि पुढच्या आठवड्यात एकेरी खेळतो. बर्फनर्तकाचा जोडीदार गेला की त्याचा खेळच थांबतो. उंची, पायांची लांबी, वळण्याची दिशा, गुडघा किती वाकतो, इथपासून पुन्हा जुळवाजुळव करावी लागते. पेझरा हा फ्रान्सच्या सर्वांत यशस्वी बर्फनर्तकांपैकी एक, पण त्याच्या आयुष्यातले दोन मोठे कलाटणीचे क्षण त्याच्या हातात नव्हते. एक क्षण मॉस्कोहून आलेल्या पत्राचा. दुसरा अमेरिकेतल्या एका हॉटेलातल्या परीक्षकांच्या भांडणाचा, ज्याच्याशी त्याचा थेट संबंधही नव्हता.

या खेळाची रीत आधी थोडी समजून घ्यायला हवी. फिगर स्केटिंगमध्ये एकेरी खेळाडू हवेत चार-चार गिरक्या घेतात. ‘पेअर्स’ प्रकारात पुरुष स्त्रीला डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो. बर्फनृत्यात यातलं काहीच चालत नाही. उड्या नाहीत, फेकणं नाही, उचलण्याला मर्यादा, एकमेकांपासून फार लांब जायचं नाही, फार वेळ सुटं राहायचं नाही. इथे पाहायचं असतं ते पायाखाली: बुटाच्या पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात, आणि कोणत्या धारेवर किती खोल झुकून, किती वेगात, संगीताच्या कोणत्या मात्रेवर दोघं एकसारखी वळली, यावर सगळं ठरतं. विलायती बॉलरूममधला वॉल्ट्झ बर्फावर उतरला, तिथून या प्रकाराची सुरुवात. इंग्रजांनी त्याचे नियम बांधले आणि सुरुवातीची विजेतेपदंही त्यांनीच मिळवली. जागतिक स्पर्धेत बर्फनृत्याला अधिकृत स्थान मिळालं ते १९५२ मध्ये, आणि ती स्पर्धा झाली पॅरिसमध्ये. जिंकले अर्थात जीन वेस्टवुड आणि लॉरेन्स डेमी, इंग्लंडचे.

यजमान असूनही फ्रेंचांना या नृत्यात जम बसवायला दहा वर्षं लागली. क्रिस्तियान आणि जाँ-पॉल ग्युएल या जोडीने १९६२ मध्ये युरोपीय विजेतेपद आणि जागतिक रौप्य मिळवलं. त्यानंतर फ्रान्सच्या वाट्याला मोठी शांतता आली. १९७१ची जागतिक स्पर्धा ल्योंमध्ये भरली, तेव्हा बर्फनृत्यात सोव्हिएत संघाच्या ल्युडमिला पाखोमोवा आणि अलेक्सांद्र गोर्शकोव्ह यांचं राज्य सुरू झालेलं होतं. १९७६ मध्ये इन्सब्रुकला बर्फनृत्य ऑलिंपिकमध्ये आलं आणि पहिलं सुवर्णही त्याच दोघांनी नेलं. तिथून १९९८ पर्यंत सात ऑलिंपिक झाली. सहा सुवर्णं सोव्हिएत किंवा रशियन शाळेत वाढलेल्यांना, एक ब्रिटनच्या जेन टॉर्व्हिल आणि क्रिस्टोफर डीन यांना. या यादीत तिसऱ्या देशाला जागाच नव्हती.

फ्रान्सला ती जागा पहिल्यांदा दिसली ती कॅनडाहून आलेल्या एका बहीण-भावामुळे. इझाबेल आणि पॉल द्युशने क्वेबेकमध्ये वाढले, कॅनडाकडून खेळले, पण तिथल्या मंडळींना त्यांची शैली रुचेना. आई फ्रेंच होती, त्यामुळे त्यांनी फ्रान्सचा रस्ता धरला. सराव जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फला, नृत्यरचना क्रिस्टोफर डीनची. १९८४ मध्ये सारायेव्हो ऑलिंपिकला ‘बोलेरो’ सादर करताना पहिले काही क्षण गुडघ्यावर बसून घालवले, तर वेळ मोजला जात नाही, कारण घड्याळ सुरू होतं ते पातं बर्फाला लागल्यावर, ही पळवाट वापरणारा तो हाच डीन. नियमाच्या कडेकडेने चालण्याची त्याची हौस द्युशनेंना पुरेपूर लागली. १९८८ मध्ये कॅल्गरी ऑलिंपिकला ते जंगलातल्या आदिवासींसारखे फाटके कपडे घालून ढोलाच्या ठेक्यावर उतरले. प्रेक्षक उठून उभे राहिले, परीक्षकांनी आठवा क्रमांक दिला. बर्फनृत्य म्हणजे बॉलरूम, ही समजूत परीक्षकांच्या मनात अजून घट्ट होती. मग आलं ‘मिसिंग’: लॅटिन अमेरिकेतल्या हुकूमशाहीत गायब केल्या गेलेल्या माणसांवरचं नृत्य. १९९० मध्ये त्याला जागतिक रौप्य मिळालं, आणि १९९१ मध्ये म्युनिकला त्याच कल्पनेच्या पुढच्या भागाने जागतिक सुवर्ण. धाटणी तीच, पण वर्षभरात क्रमांक वेगळा. परीक्षकांचं मत कसं बदलतं याचा हा इतिहास फ्रेंचांनी पुढे दहा वर्षांनी पुन्हा अनुभवला, जरा वेगळ्या अर्थाने.

१९९२चं हिवाळी ऑलिंपिक फ्रान्समध्येच, आल्बेरव्हीलला होतं. द्युशनेंचे फोटो सगळीकडे. त्यांना मिळालं रौप्य. सुवर्ण नेलं मारिना क्लिमोवा आणि सेर्गेई पोनोमारेंको यांनी. द्युशने निवृत्त झाले.

इथे पेझराची गोष्ट सुरू होते. १९७२ मध्ये ल्योंला लागून असलेल्या ब्रों या गावात त्याचा जन्म. लहानपणीच तो बर्फावर आला आणि मारिना मोरेलबरोबर कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत पदकांपर्यंत पोचला. त्यांची प्रशिक्षक म्युरिएल झाझुई, स्वतः पूर्वी फ्रान्सकडून बर्फनृत्य केलेली. पेराश स्टेशनच्या जवळ शार्लमान्य रिंक आहे. तिथे झाझुईने जी शाळा उभी केली तिने फ्रेंच बर्फनृत्याचा चेहरा बदलला. तोवर फ्रान्सला बर्फनर्तक मिळत होते, पण बर्फनृत्याचं घराणं नव्हतं. ते ल्योंने दिलं.

अनिसिना आली तेव्हा मात्र हे सगळं भविष्यात होतं. तिला फ्रेंच येत नव्हतं. दोघांच्या तालमी मॉस्को आणि ल्यों अशा दोन वेगळ्या पद्धतींत झालेल्या. मॉस्कोत शिस्त, धारेची खोली, एकेका पावलाची घोकंपट्टी. ल्योंमध्ये नाट्य, कल्पना, संगीत. दोघं सरावात किती भांडत हे पुढे त्यांनीच मुलाखतींत सांगितलं. १९९४च्या लिलेहामर ऑलिंपिकला त्यांना जाता आलं नाही, कारण तिच्याकडे अजून फ्रेंच नागरिकत्व नव्हतं. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत ते दहावे आले. मग सहावे, चौथे, आणि १९९७ मध्ये एक पायरी खाली, पाचवे.

या जोडीची एक खूण हळूहळू तयार झाली. बर्फनृत्यात पुरुष स्त्रीला उचलतो. इथे अनिसिना पेझराला उचलायची. मांडीवर, कमरेवर त्याचा सगळा भार घेऊन, पात्याच्या एका धारेवर सरकत. पुरुषाचं वजन घेऊन एका धारेवर तोल राखायचा तर पोटाचे स्नायू, गुडघा आणि दोघांचा वेग यांचं गणित बिनचूक जमायला हवं. पेझरानेही स्वतःला अचूक जागी, अचूक क्षणी ठेवायला हवं. प्रेक्षकांना ते गंमत म्हणून आवडायचं. जाणकारांना त्यातली मेहनत दिसायची. तिचे तांबडे केस आणि त्याचे खांद्यावर रुळणारे सोनेरी कुरळे केस, यांचाही वाटा होता. दूरच्या रांगेतूनसुद्धा ही जोडी ओळखू यायची.

१९९८ मध्ये नागानोला ‘रोमिओ आणि ज्युलिएट’वरच्या नृत्याने त्यांना ऑलिंपिक कांस्य मिळालं. पहिले दोन क्रमांक रशियाचे: ओक्साना ग्रिश्चुक आणि येव्हगेनी प्लातोव्ह, मग अँजेलिका क्रिलोवा आणि ओलेग ओव्स्यानिकोव्ह. पण नागानोची खरी बातमी वेगळीच होती. कॅनडाच्या परीक्षक जीन सेन्फ्ट यांनी युक्रेनचे परीक्षक युरी बाल्कोव्ह यांचं टेलिफोनवरचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं, आणि त्यात स्पर्धा होण्याआधीच क्रमवारीची चर्चा होती. आंतरराष्ट्रीय संघटनेने बाल्कोव्ह यांना वर्षभरासाठी निलंबित केलं. सेन्फ्ट यांनाही सहा महिन्यांसाठी. चोर पकडणाऱ्यालाही शिक्षा करणारी ही संघटना बघता पुढे जे झालं त्याचं कुणाला आश्चर्य वाटायला नको होतं.

दोन वर्षांनी, २००० मध्ये, जागतिक स्पर्धा फ्रान्समध्येच नीस शहरात होती. कार्ल ऑर्फच्या ‘कार्मिना बुराना’वर अनिसिना आणि पेझरा यांनी ती जिंकली. आपल्या देशात, आपल्या प्रेक्षकांसमोर. त्याच वर्षी युरोपीय विजेतेपदही त्यांच्याकडे आलं. मात्र २००१ मध्ये इटलीच्या बार्बरा फुसार-पोली आणि मॉरिझिओ मार्गाल्यो यांनी दोन्ही किताब हिसकावले. मग डिसेंबर २००१ मध्ये ग्रां प्री अंतिम स्पर्धेत फ्रेंच जोडीला हरवलं ते बोर्न आणि क्राट्झ यांनी. तोच क्राट्झ, ज्याला अनिसिनाचं पत्र पोचलं नव्हतं. जानेवारी २००२ मध्ये लोझानला अनिसिना आणि पेझरा यांनी युरोपीय किताब परत मिळवला. फेब्रुवारी २००२च्या ऑलिंपिकसाठी सॉल्ट लेक सिटीला जाताना बर्फनृत्यात चार जोड्या सुवर्णाच्या दावेदार होत्या, आणि त्यांतल्या तीन जोड्यांचे पुरुष अनिसिनाच्या गोष्टीतले होते: पेझरा, क्राट्झ, आणि आवेरबुख.

पण बर्फनृत्य सुरू होण्याआधीच घोटाळा फुटला, आणि तो ‘पेअर्स’मध्ये. ११ फेब्रुवारीला रशियाच्या येलेना बेरेझ्नाया आणि अंतोन सिखारुलिद्झे यांना कॅनडाच्या जेमी साले आणि डेव्हिड पेलेत्ये यांच्यापुढे पाच विरुद्ध चार अशा मतांनी सुवर्ण मिळालं. तेव्हाची गुणपद्धत सहा गुणांची. नऊ परीक्षक, प्रत्येकाचे तंत्रासाठी आणि सादरीकरणासाठी असे दोन आकडे, पण खरा निकाल लागायचा तो प्रत्येक परीक्षकाने कुणाला कितवा क्रमांक दिला यावर. नवांपैकी पाच जणांनी पहिलं म्हटलं की ते पहिले. त्यामुळे एका परीक्षकाचं मत सोन्याच्या किमतीचं असायचं, शब्दशः. त्या पाचांत रशिया, चीन, पोलंड, युक्रेन होते. पाचवी होती फ्रान्सची मारी-रेन ल गून्य.

त्यानंतर हॉटेलात ल गून्य यांचा बांध फुटला. फ्रेंच संघटनेचे अध्यक्ष दिदिए गैलागे यांनी आपल्यावर दबाव आणला, असं त्या म्हणाल्या. बर्फनृत्यात फ्रेंच जोडीला रशियाचा पाठिंबा मिळावा म्हणून पेअर्समध्ये रशियन जोडीला मत द्यायचं, असा सौदा त्यांनी सांगितला. नंतर त्यांनी हे सगळं मागे घेतलं आणि रशियन जोडीच खरी श्रेष्ठ होती, असं म्हटलं. तोवर जगभरच्या वर्तमानपत्रांना पहिलं पान मिळालं होतं. कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्ण देण्याचा निर्णय झाला, आणि दोन जोड्या एकाच स्पर्धेच्या विजेत्या ठरल्या. ल गून्य आणि गैलागे यांना तीन वर्षांचं निलंबन झालं आणि २००६च्या ऑलिंपिकपासून दोघांना दूर ठेवलं गेलं.

या सगळ्यात पेझरा आणि अनिसिना कुठे होते? सरावाच्या रिंकवर. ज्या सौद्याची चर्चा जगभर चालू होती त्यात त्यांचं नाव किमतीच्या खान्यात होतं, आणि त्यांना अजून एक पाऊलही टाकायचं होतं. १८ फेब्रुवारीला मुक्त नृत्याची फेरी झाली. त्यांच्या नृत्याचा विषय स्वातंत्र्य. संगीतात मार्टिन ल्यूथर किंग यांचं १९६३चं वॉशिंग्टनमधलं भाषण, त्यांच्याच आवाजात. त्या काळी शब्द असलेलं संगीत बर्फनृत्यालाच परवानगीचं होतं. एकेरी आणि पेअर्सला ती मुभा २०१४ नंतर मिळाली. फ्रेंच पासपोर्टवरची एक रशियन मुलगी आणि ल्योंचा मुलगा, अमेरिकेत, अमेरिकी पुढाऱ्याच्या भाषणावर नाचतात: कल्पना थोडी हिशेबी होती, पण नृत्य भक्कम होतं.

मार्गाल्यो मुक्त नृत्यात पडला. बोर्न आणि क्राट्झ अगदी शेवटी पडले. तरी इटालियन जोडीला कांस्य मिळालं आणि कॅनडाची जोडी चौथी राहिली. पाचव्या आलेल्या लिथुआनियाच्या मार्गारिता द्रोब्याझ्को आणि पोव्हिलास वानागास यांनी दाद मागितली, ती फेटाळली गेली. सुवर्ण अनिसिना आणि पेझरा यांना. रौप्य लोबाचेवा आणि आवेरबुख यांना. रशियन परीक्षकाने पहिला क्रमांक रशियन जोडीला दिला होता. सौदा झाला असेल तर तो रशियाने पाळला नाही, एवढं या निकालावरून म्हणता येतं.

फ्रान्सला फिगर स्केटिंगमधलं ऑलिंपिक सुवर्ण सत्तर वर्षांनी मिळत होतं. आधीचं सुवर्ण १९३२चं, लेक प्लॅसिडचं, आंद्रे आणि पिएर ब्र्यूने या दांपत्याचं. पत्राच्या गोष्टीतल्या बाकीच्या दोघांचंही भलं झालं: आवेरबुख त्याच वर्षी मार्चमध्ये नागानोला जगज्जेता झाला, आणि क्राट्झ पुढच्या वर्षी वॉशिंग्टनला.

संशयाने मात्र पाठ सोडली नाही. ३१ जुलै २००२ रोजी इटलीत अलिमझान तोख्ताखुनोव्ह नावाच्या, उझबेकिस्तानात जन्मलेल्या माणसाला अटक झाली. अमेरिकी तपास यंत्रणांचा आरोप होता की सॉल्ट लेकचे दोन्ही निकाल फिरवण्यामागे तो होता, आणि मोबदल्यात त्याला फ्रान्सचा व्हिसा हवा होता. पुरावा म्हणून टेलिफोनवरची संभाषणं मांडली गेली. अनिसिनाने गैरव्यवहाराचा आरोप नाकारला. इटलीच्या न्यायालयाने त्याला अमेरिकेच्या हवाली करण्यास अखेर नकार दिला, तो सुटून रशियाला गेला, आणि अमेरिकेत हा खटला कधीच उभा राहिला नाही. बर्फनृत्याचा निकाल बदलला नाही. त्या रात्रीचं चित्रीकरण आज पाहिलं तर पडझड झालेल्या जोड्यांच्या तुलनेत फ्रेंच जोडीचं काम स्वच्छ होतं, हे कुणालाही दिसेल. रशियन जोडीशी तुलना मात्र चवीची आहे, आणि त्या चवीवर नऊ माणसं भांडली तर त्यात नवल नाही.

खरा बळी गेला तो गुणपद्धतीचा. सहा गुणांची ती जुनी, लोकांना पाठ झालेली पद्धत २००४ नंतर हद्दपार झाली. आता प्रत्येक पावलांच्या मालिकेला, प्रत्येक उचलण्याला ठरलेली मूळ किंमत, त्यावर काठिण्याची पातळी, त्यावर सफाईचे अधिक-उणे, आणि शेवटी दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांपर्यंतची बेरीज. त्याचबरोबर परीक्षकांची नावं गुणांपासून तोडली गेली: कुणी किती दिले हे कळणारच नाही. सौदा करणाऱ्याला आपल्या माणसाने शब्द पाळला का हे तपासता येऊ नये, असा त्यामागचा विचार. व्यवहारात झालं एवढंच की प्रेक्षकालाही काही तपासता येईना. ही गुप्तता २०१६ मध्ये रद्द झाली.

नव्या पद्धतीत ल्योंची पुढची जोडी घडली. इझाबेल देलोबेल आणि ऑलिव्हिए शोएनफेल्डर १९९० पासून एकत्र होते, म्हणजे पेझराच्या सावलीत त्यांची उमेदीची वर्षं गेली. २००६ मध्ये तुरीनला ते चौथे आले. (तिथे घरच्या प्रेक्षकांसमोर मार्गाल्यो पुन्हा पडला आणि फुसार-पोली बर्फाच्या मध्यभागी उभी राहून कितीतरी वेळ त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. जोडीदारीचं दुसरं रूप.) २००८ मध्ये गोथेनबर्गला ‘द पियानो’ चित्रपटाच्या संगीतावर नाचत देलोबेल आणि शोएनफेल्डर जगज्जेते झाले. नंतर तिच्या खांद्याला दुखापत झाली, मग ती आई झाली. ऑक्टोबर २००९ मध्ये बाळंत होऊन फेब्रुवारी २०१० मध्ये ती व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकमध्ये उतरली आणि सहावी आली. बर्फनृत्याच्या इतिहासात याची नोंद पदकांच्या तक्त्यात सापडत नाही, पण असायला हवी. त्याच ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी लोकनृत्याच्या फेरीत ‘देवदास’ आणि ‘बंटी और बबली’मधली गाणी वापरून रौप्यपदकाकडे वाटचाल केली होती, भारतीय प्रेक्षकांनी बर्फनृत्य म्हणून जे काही पाहिलं असेल ते बहुधा तेवढंच.

ल्योंचीच नाताली पेशाला, जोडीदार फाबियां बूर्झा. त्यांनी २०११ आणि २०१२चे युरोपीय किताब जिंकले, पण प्रशिक्षक शोधत आधी मॉस्को, मग अमेरिका गाठली. सोचीला २०१४ मध्ये चौथ्या क्रमांकावर राहिले. पेशालाची खरी कामगिरी त्यानंतरची आहे, आणि तिचा धागा सॉल्ट लेकपर्यंत जातो.

निलंबन संपवून गैलागे २००७ मध्ये पुन्हा फ्रेंच संघटनेच्या अध्यक्षपदी आले होते. पेझरा दरम्यान राजकारणात गेला, २०१० मध्ये ऱ्होन-आल्प प्रांताच्या परिषदेवर निवडून आला आणि तिथे त्याच्याकडे क्रीडा खातं आलं. २०१४ मध्ये त्याने संघटनेच्या अध्यक्षपदासाठी गैलागेंविरुद्ध निवडणूक लढवली. हरला. ज्या माणसामुळे आपल्या सुवर्णावर डाग पडला, त्याच्याविरुद्ध उभं राहून हरायचं, हे त्याच्या वाट्याला आलं. जानेवारी २०२० मध्ये पेअर्स प्रकारातली नामवंत खेळाडू सारा आबितबोल हिने आपल्या पुस्तकात माजी प्रशिक्षक जिल बेयर याच्यावर, आपण अल्पवयीन असताना बलात्कार केल्याचा आरोप केला. संघटनेने इतकी वर्षं डोळेझाक का केली, असा सवाल देशभर उठला. फ्रान्सच्या क्रीडामंत्र्यांनी गैलागेंचा राजीनामा मागितला, आणि फेब्रुवारीत ते पायउतार झाले. मार्चमध्ये अध्यक्षपदी निवडून आली नाताली पेशाला. पेझराला जे जमलं नाही ते एका बर्फनर्तिकेला जमलं, पण ज्या कारणाने जमलं त्याचा आनंद कुणी मानावा असं ते कारण नव्हतं.

आणि ल्योंची शाळा? तिचा एक मोठा तुकडा समुद्रापार गेला. झाझुईबरोबर ल्योंला काम केलेले रोमें आग्नोए २०१४ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलला गेले. त्यांच्या मागोमाग गेले क्लेर्मों-फेराँचे गॅब्रिएला पापादाकीस आणि गियोम सिझरों, ज्यांची लहानपणी जोडी जमवली होती गॅब्रिएलाच्या प्रशिक्षक आईने. पुढच्याच वर्षी, शांघायला, ते जगज्जेते झाले. तिचं वय एकोणीस, त्याचं वीस. २०१८ मध्ये प्याँगचँगला पहिल्या फेरीत तिच्या पोशाखाची गळ्यामागची कडी सुटली, कपडा सावरत तिने नृत्य पूर्ण केलं, आणि मुक्त नृत्यात सर्वांत पुढे राहूनही सुवर्ण ०.७९ गुणांनी हुकलं. कॅनडाचे टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर २०६.०७, फ्रान्सचे २०५.२८. दोन्ही जोड्या एकाच रिंकवर, एकाच प्रशिक्षकांकडे शिकणाऱ्या. सहा गुणांच्या पद्धतीत हे अंतर कुणाला मोजताही आलं नसतं.

बीजिंगला २०२२ मध्ये त्यांनी सुवर्ण घेतलं, २२६.९८ गुणांनी. फ्रान्सचं बर्फनृत्यातलं हे दुसरं ऑलिंपिक सुवर्ण, पेझरानंतर वीस वर्षांनी. पहिल्यात जोडीदार परदेशातून आणावी लागली होती. दुसऱ्यात दोघंही फ्रान्समध्येच वाढलेले, पण सरावासाठी परदेशात राहणारे. फ्रेंच संघटनेने दोन्ही पदकं आपल्या खात्यात मांडली, ते रीतसर आहे. पण द्युशनेंपासून पाहिलं तर या खात्यात कॅनडा, जर्मनी आणि रशिया यांचं देणं बरंच निघतं.

त्यानंतर महिनाभरात जागतिक स्पर्धा मोंपेलिएला झाली. पापादाकीस आणि सिझरों यांनी तिथे पाचवं आणि शेवटचं जागतिक विजेतेपद मिळवलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये निवृत्ती जाहीर केली. मायदेशात भरलेल्या जागतिक स्पर्धेत फ्रेंच बर्फनर्तकांनी सुवर्ण जिंकण्याची ती दुसरी वेळ होती. पहिली नीसची, २००० सालची.